मुखपृष्ठ रद्दीत गेलं त्याची गोष्ट

1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचं उरलंसुरलं पाणी न्यू जर्सीवर कोसळलं आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या तळघरांत शिरलं. आमचा पंप टिकला. शेजारच्या आजोबांचा रात्री दोनला बंद पडला. सकाळी मी आणि नवरा रबरी बूट चढवून त्यांच्याकडे गेलो, तर ते गॅरेजमध्ये भिजलेली खोकी एकेक करून उघडत बसलेले. वय 77, एकटे, मुलं कॅलिफोर्नियात. तीस वर्षं पोस्टमनची नोकरी केलेली, त्यामुळे कोणाच्या घरी काय येतं हे गल्लीत सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक.

माझ्याकडे निवडण्याचं काम आलं. वाळवायचं ते टॉवेलवर, टाकायचं ते काळ्या पिशवीत. नातवंडांच्या शाळेच्या वह्यांचा एक गठ्ठा फुगून पावासारखा झाला होता. इथली शाळेची वही म्हणजे काळ्यापांढऱ्या संगमरवरी नक्षीचं कव्हर आणि त्यावर पांढरं लेबल. मुलीच्या दप्तरात मी दहा वर्षं हेच बघितलेलं. आजोबा म्हणाले, वह्या सगळ्या टाक. मी टाकत गेले. सातव्या का आठव्या वहीला ते खुर्चीतून उठलेच.

"ती नको टाकूस! ती वही नाहीये!"

पिशवीत हात घालून मी ती परत काढली. लेबलावर 'मॅड' लिहिलेलं. आत सगळी कॉमिक्स. 'मॅड' या अमेरिकन विनोदी कॉमिकचा 20 वा अंक, फेब्रुवारी 1955, किंमत 10 सेंट. मुलांना वर्गात नेऊन वाचता यावा म्हणून वहीचं सोंग घेतलेला. छापल्यावर 66 वर्षांनी त्या सोंगाला मी फसले होते. आणि मी पोटापाण्यासाठी काय करते, तर पुड्यांचं आणि बाटल्यांचं पॅकेजिंग. कागदाचा तुकडा लांबून ओळखणं हाच माझा धंदा.

पुढचे चार दिवस आम्ही अंक वाळवत होतो. कॉमिकच्या आतला कागद न्यूजप्रिंटचा, तो पाणी पितो आणि वाळला की बऱ्यापैकी सुटतो. कव्हरचा कागद मात्र चकचकीत, लेप दिलेला. ओलेपणी दोन कव्हरं एकमेकांवर राहिली की वाळल्यावर त्यांची वीट होते. म्हणून आधी कव्हरं मोकळी करायची, मध्ये स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल घालायचा, दर दोन तासांनी तो बदलायचा आणि पंखा अंकांवर न सोडता भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. पिना गंजल्या होत्या. त्या लोणी लावायच्या सुरीने हळूच उचकटून काढल्या. दर दोन तासांनी कागद बदलायचा म्हणजे दर दोन तासांनी तेच मुखपृष्ठ पुन्हा बघायचं. इतक्या निवांतपणे मी कुठल्याही मासिकाचं कव्हर आयुष्यात बघितलेलं नाही.

'मॅड' मला ठाण्यापासून माहीत होतं. स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे कधीमधी एखादा जुना अंक यायचा, दात पडलेल्या आणि कान बाहेर आलेल्या त्या पोराच्या चेहऱ्याचा. आल्फ्रेड ई. न्यूमन. आतले विनोद निम्मे कळायचे नाहीत, पण तो चेहरा कळायचा. आजोबांकडचे अंक त्याच्या आधीचे. तो चेहरा मुखपृष्ठाचा मालक झाला 1956 च्या डिसेंबरात, 30 व्या अंकावर. नॉर्मन मिंगोने रंगवला होता, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून. त्याआधी 'मॅड'ला चेहराच नव्हता. म्हणून तर ते कोणाचाही चेहरा लावून बाजारात यायचं.

गॅरेजच्या जमिनीवर 11 व्या अंकापासून 23 व्यापर्यंतची ओळ लागली, मधले दोन-तीन नव्हते. संपादक हार्वी कर्ट्झमन, प्रकाशक विल्यम गेन्स. पहिला अंक 1952 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. सुरुवातीची कव्हरं चारचौघांच्या कॉमिकसारखीच. 11 व्या अंकाला, मे 1954 मध्ये, गंमत सुरू होते. डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरी ठसठशीत अक्षरं, म्हणजे सरळसरळ 'लाइफ' साप्ताहिकाचा थाट. 'लाइफ'च्या कव्हरवर जिथे एखादी देखणी नटी असायची तिथे बेसिल वूल्व्हर्टनने काढलेली बाई, महिन्याची सुंदरी म्हणून. तिचे दात, नाक आणि मान यांचं वर्णन मी करणार नाही, कोणी जेवताना वाचत असेल. हा वूल्व्हर्टन तोच, ज्याने 1946 मध्ये एका कॉमिकसाठी जगातली सगळ्यात कुरूप बाई काढण्याची स्पर्धा जिंकली होती, आणि त्या स्पर्धेचे परीक्षक होते भयपटांतला नट बोरिस कार्लोफ, गायक फ्रँक सिनात्रा आणि चित्रकार साल्वादोर दाली. असे परीक्षक आमच्या मंडळाच्या रांगोळी स्पर्धेला मिळाले तर मीसुद्धा भाग घेईन.

पण माझं मन बसलं ते पुढच्या अंकावर. 12 वा, जून 1954. त्यावर चित्र नाहीच. एखाद्या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकासारखी संथ, शहाणीसुरती अक्षरमांडणी. मजकुराचा आशय असा की, सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत बसून कॉमिक वाचायची ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी हा खास अंक आहे. तोंडासमोर धरा, लोकांना वाटेल तुम्ही काहीतरी उच्च वाचताय.

आजोबा म्हणाले, तेव्हा लाज वाटणं ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. त्यांच्या आईने एकदा त्यांची सगळी कॉमिक्स शेकोटीत घातली होती. 1954 हे तसंच वर्ष. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक त्याच वर्षी आलं. 21 एप्रिलला न्यू यॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्सची साक्ष झाली. त्याच्याच एका गुन्हेकथांच्या कॉमिकचं मुखपृष्ठ सिनेटरनी पुढे धरलं, कुऱ्हाड हातात घेतलेला माणूस आणि बाईचं तुटलेलं मुंडकं, आणि विचारलं, हे तुम्हाला अभिरुचीला धरून वाटतं? गेन्स म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी हो. मुंडकं जरा वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट दिसलं असतं. व्हायचा तो बोभाटा झालाच. म्हणजे मुखपृष्ठ हाच तिथे आरोपी होता. अशा वर्षी कर्ट्झमनची कव्हरं एकामागून एक सभ्य कपडे घालून बाहेर पडतात, हे मला फार आवडलं. ऑगस्टमध्ये मोनालिसा, ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्र, त्यावर कॉमिक्स भूमिगत झाल्याची मोठ्ठी बातमी. जानेवारी 1955 चा 19 वा अंक मला अजिबात कळला नाही. आजोबांनी सांगितलं की तो घोड्यांच्या शर्यतीचा तक्ता आहे, रेसला जाणारे काखेत मारून हिंडायचे तसा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून बसने लाख वेळा गेलेय, पण आत कधी पाऊल टाकलेलं नाही. कळणार कसं?

अशी कव्हरं परदेशी जात नाहीत, ती इथेच लागतात. वहीचंच बघा. ठाण्यात आमच्या वह्यांना खाकी कागदाचं कव्हर असायचं, वर लेबल, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी. कर्ट्झमन ठाण्याचा असता तर त्याने कव्हर खाकीच केलं असतं, आणि ते बघून एकाही अमेरिकन पोराला हसू आलं नसतं.

चौथ्या दिवशी वाळलेला 20 वा अंक मी घरी आणला आणि मुलीच्या कोऱ्या वहीवर ठेवला. आज दुकानात मिळणारी वही पावणेदहा इंच उंच आणि साडेसात इंच रुंद. कॉमिक रुंदीला जवळजवळ तेवढंच, उंचीला जेमतेम अर्धा इंच जास्त. इथे माझी ट्यूब पेटली. कर्ट्झमनने आधी विनोद शोधला नसणार. हातात जो आकार आहे त्याच आकाराचं लोकांच्या हातातलं दुसरं काय आहे, ते शोधलं असणार. पॅकेजिंगमध्ये आम्ही हेच करतो, फक्त आम्ही ते हसवायला करत नाही.

"मग वर्गात नेला का तुम्ही हा?" मी आजोबांना विचारलं.

"नेला ना. पण वहीचं कव्हर पुठ्ठ्याचं, ताठ. हे लुळं. हातात धरलं की केळीच्या सालीसारखं दोन्हीकडे पडायचं. शेवटी खऱ्या वहीत घालून वाचला."

हे होईपर्यंत मंडळाच्या दिवाळी अंकाची मीटिंग आली. 12 सप्टेंबर, झूमवर. दर वर्षी अंक दिवाळीच्या कार्यक्रमात हातोहात वाटतात. त्या वर्षी कोविडमुळे हॉलचं काही खरं नव्हतं, म्हणून 240 घरी पोस्टाने पाठवायचं ठरलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं. मुखपृष्ठ कोण करणार विचारल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी आपापले कॅमेरे बंद केले, आणि मी म्हटलं, मी करते, पण माझ्या पद्धतीने.

"म्हणजे पणती घेतलेली बाई नाही?" सेक्रेटरीताईंनी लगेच विचारलं. त्यांचं चुकलं नाही. दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला तेव्हापासूनची ती बाई आपल्या डोळ्यांत बसलीय, आणि बसावी अशीच होती. पण दलालांच्या हातची बाई वेगळी आणि आमच्या मंडळाने गेली अकरा वर्षं इंटरनेटवरून उतरवून घेतलेली वेगळी. बरं, मराठी वाचकाला कागदाच्या करामती नवीन नाहीत. 1951 साली सुरू झालेल्या 'आवाज'च्या खिडक्या उघडून आपण काय काय बघत आलोय आणि पान उलटल्यावर कसे ओशाळलोय, ते ज्याचं त्याला ठाऊक. तेव्हा मी म्हटलं, बाई नाही, पण पणती असेल. एवढ्यावर सुटले.

आता कशाचं सोंग घ्यायचं? लग्नपत्रिका, पंचांग, रेशनकार्ड हे सगळं सुचून झालं. पण हे सगळं तिकडचं, आठवणीतलं. विडंबन आठवणीचं करून चालत नाही, ते रोज हाताला लागणाऱ्या वस्तूचं लागतं. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या हाताला दर आठवड्याला काय लागतं? देशी ग्रोसरीचा फ्लायर, म्हणजे आठवड्याच्या भावांचं पत्रक. पिवळा धमक, लाल फुल्यांचा, त्यात भेंडी, कारली, आटा, तूप. आजोबांच्या ओळीत त्याचा मोठा भाऊही होता. 21 वा अंक, मार्च 1955. टपालाने खोडकर वस्तू विकणाऱ्या जॉन्सन स्मिथ कंपनीच्या जाहिरातींची नक्कल, सगळं कव्हर मुंगीएवढ्या जाहिरातींनी खच्चून भरलेलं. त्या गर्दीत एका कोपऱ्यात रबरी मुखवटा विकायला ठेवलाय, खाली 'इडियट' असं लिहून, 1 डॉलर 29 सेंटला. तो मुखवटा म्हणजे आल्फ्रेड. 'मॅड'च्या कॉमिकमध्ये त्याचं पहिलं दर्शन हे असं, शोधल्याशिवाय न सापडणारं. पुढे जो मालक होणार तो असा एका कोपऱ्यात, सव्वा डॉलरला.

मी चार आठवड्यांचे चौदा फ्लायर गोळा केले. कंपास, फूटपट्टी आणि भिंग घेऊन बसले. नवरा म्हणाला, भेंडीचा भाव बघायला भिंग लागायला लागलं म्हणजे महागाईच झाली.

पण भिंगाखाली कळायला लागतं. किमतीतला डॉलरचा आकडा अंगठ्याएवढा आणि सेंट त्याच्या खांद्यावर बसवलेले. भाज्यांचे फोटो घाईघाईने कापलेले, कोथिंबिरीभोवती पांढरी किनार राहिलेली. प्रत्येक फ्लायरवर एक तरी वस्तू दोनदा, दोन वेगळ्या भावांना. लाल फुलीच्या टोकांची संख्या कुठेच सारखी नाही. आणि सगळ्यात खाली, अगदी बारीक, की छपाईतल्या चुकांना दुकान जबाबदार नाही. ही ओळ मी जशीच्या तशी घेतली, फक्त दुकानाच्या जागी मंडळ घातलं. आमच्या अंकाचं मुद्रितशोधन ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं कारुण्य कळेल.

मग अनुक्रमणिकेचा माल केला. 'कथा, ताज्या, निवडून घ्या.' 'प्रवासवर्णनं, फ्रोझन, 2019 ची,' कारण त्यानंतर कोणी कुठे गेलंच नव्हतं. 'संपादकीय, कडू, मधुमेहींना चालेल,' शेजारी कारल्याचा फोटो. 'आठवणी, जुना तांदूळ, 20 पाउंडांची गोणी.' 'कविता, एका कुटुंबाला जास्तीत जास्त 2.' यावरून आमच्या एका कवींनी मला आठ दिवस फोन केला नाही, जे एरवी होत नाही. पणती ठरल्याप्रमाणे आली, '12 चा पॅक, वातीशिवाय.'

विनोद जमत होते, चित्र जमेना. दोन आठवडे कव्हर नुसतं छान दिसत होतं. मी सरळ रेषेत मांडणारी बाई. वीस वर्षं दोन डब्यांमधलं अंतर सारखं ठेवण्याचे पैसे घेतलेत. हाताला वाकडं लावायला सांगितलं तर हात गोड वाकडं लावतो, डिझायनरचं वाकडं. खऱ्या फ्लायरचा वाकडेपणा घाईचा असतो, त्यात कोणाचा विचार नसतो. शेवटी मी गजर लावला. चाळीस मिनिटांत सगळं पान नव्याने मांडायचं, मागे जायचं नाही, कंट्रोल झेड दाबायचं नाही. तिसऱ्या वेळी ते आलं. वेलदोड्याचा फोटो 'वार्षिक अहवाल' या शब्दावर चढला होता, तो तसाच ठेवला. देवनागरीचा आणखी एक घोळ. फ्लायरची अक्षरं जाडजूड आणि दाटीवाटीची लागतात. तेवढ्या जाड देवनागरीत वरच्या मात्रा नि रफार कापले जातात, आणि 'कैरी'ची 'करी' होते. दोन फाँट बदलले, शेवटी आकडे मोठे आणि अक्षरं लहान केली. फ्लायरमध्ये तरी कोण अक्षरं वाचतं?

आजोबांना रोज रात्री नवीन प्रिंट दाखवत होते. त्यांना मराठी येत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. ते फक्त सोंग बघायचे. कर्ट्झमनबद्दल त्यांच्याकडून आणि नंतर वाचून कळलं की हा माणूस कामाला फार चिकट. दुसऱ्याने काढायच्या गोष्टीचीही पानं स्वतः आखून द्यायचा आणि चित्रकाराने ती आखणी मोडायची नाही. बिल एल्डरसारखा चित्रकार मग त्या आखणीच्या फटींत स्वतःचे शंभर बारके विनोद कोंबायचा. त्याला तो कोंबडीची चरबी म्हणायचा. माझ्या कव्हरवरही चरबी झाली. दुकानाच्या वेळांच्या जागी 'संपादक मंडळ भांडणासाठी उघडे: रोज 9 ते 9'.

फक्त बारकोडची जागा रिकामी होती. आजोबांनी वरच्या, न भिजलेल्या फळीवरून एक नंतरचा अंक काढला. 198 वा, एप्रिल 1978. त्याचं पूर्ण मुखपृष्ठ म्हणजे एक प्रचंड बारकोड. तेव्हा मासिकांवर तो छापणं भाग पडू लागलं होतं, म्हणून त्यांनी संपूर्ण कव्हरच त्याला देऊन टाकलं आणि वर लिहिलं की देशातली सगळी यंत्रं या अंकाने अडकून पडोत. हे बघितल्यावर बारकोड हवाच होता. रात्रीचा एक वाजला होता. खोटा, न चालणारा बारकोड काढणं मला येतं, पंधरा मिनिटांचं काम. ती पंधरा मिनिटं मी वाचवली. फडताळातलं एक पाकीट स्कॅनरवर उलटं ठेवलं आणि त्याचा उचलला.

शेवटी कागद. इथे मला माझं डोकं फार चालल्यासारखं वाटत होतं. कॉमिक लुळं पडलं म्हणून वहीचं सोंग हातात उघडं पडलं ना? मग माझा कागदही फ्लायरचाच पाहिजे. छापखान्यातल्या मुलाने फोन केला. आतली पानं जाड आणि कव्हर पातळ, हे उलटं झालंय का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. त्याने लेखी मागितलं. मी लेखी दिलं.

पहिला छापील अंक हातात घेऊन मी आजोबांकडे धावले. त्यांनी तो हातात घेतला, दोन बोटांत वाकवला, कडेवरून नजर टाकली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"उत्तम झालाय," ते म्हणाले. "मी तीस वर्षं हे वाटले. लोक पेटीतून काढतात आणि घरात न जाता रद्दीच्या निळ्या डब्यात टाकतात."

मला ते कौतुकच वाटलं.

20 ऑक्टोबरला अंक पोस्टात पडले. एरवी अंक मिळाला की त्या संध्याकाळपासून फोन येतात, माझ्या लेखातला फोटो काळा आलाय, माझं आडनाव चुकलंय. तीन दिवस झाले, चार झाले, कोणाचं आडनाव चुकलं नाही. सहाव्या दिवशी सेक्रेटरीताईंचा फोन. "अगं, पोस्टाने घोळ घातला बहुतेक. कोणालाच मिळाले नाहीत."

त्या संध्याकाळी एका मैत्रिणीकडे गेले होते. ओट्यावर ती कोथिंबीर निवडत होती, देठं खाली पसरलेल्या कागदावर. कागद पिवळा, लाल फुल्या. देठांखालून 'संपादकीय, कडू' डोकावत होतं. मी काही बोलले नाही, देठं सरकवून नुसतं बोट ठेवलं. तिने वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. निम्मा अंक ओला झाला होता. आतली पानं जाड, म्हणून वाचली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, आपला अंक आला का रे? तो म्हणाला, नाही, या आठवड्यात नुसते फ्लायरच आले. निळा डबा बाहेर ठेवून आलाय, उद्या गाडी येते.

टॉर्च घेऊन मी रस्त्यावरच्या डब्यात कंबरेपर्यंत वाकले तेव्हा आजोबा कुत्र्याला फिरवून येत होते. दोन महिन्यांपूर्वी पिशवीत हात घालून मी त्यांचं कॉमिक काढलं होतं, आता डब्यात हात घालून माझं काढत होते. मला वाटलं ते म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणाले, "कर्ट्झमनचा अंक कुठे मिळायचा माहितीये? कँडीच्या दुकानात, कॉमिक्सच्या रॅकमध्ये. वह्यांच्या दुकानात नाही."

रॅकमध्ये चाळीस कॉमिक्सच्या मध्ये एक वही. तिथे ती वही डोळ्यात खुपते, म्हणून पोरगं ती उचलतं आणि हसतं. तीच वही मला सापडली नातवंडांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात, म्हणून मी ती कचऱ्यात टाकली. माझा फ्लायर मी 240 पोस्टाच्या पेट्यांत, इतर फ्लायरांच्या मध्येच नेऊन ठेवला होता. मला वाटलं होतं मराठी अक्षरं बघून लोक थबकतील. पण दिवाळीच्या सुमाराला देशी दुकानांच्या फ्लायरवर गुजराती असतं, तेलुगू असतं. मराठी असलं तर काय नवल? तोच अंक दर वर्षीसारखा हॉलमध्ये, रांगोळीशेजारच्या टेबलावर गठ्ठ्याने असता, तर पहिल्याच माणसाने विचारलं असतं, हे फ्लायर इथे कोणी आणून टाकले? आणि मग वाचला असता.

जादा प्रती साठ होत्या. त्या आम्ही पांढऱ्या पाकिटात घालून, हाताने पत्ते लिहून, ज्यांचे लेख होते त्यांना आधी पाठवल्या. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज. सेक्रेटरीताईंच्या पहिल्या मसुद्यात होतं, 'हा फ्लायर नसून अंक आहे.' मी म्हटलं, एवढं लिहायचं तर मग पणतीवाली बाईच काय वाईट होती? शेवटी नुसतं लिहिलं, 'या आठवड्यातली भेंडी नीट बघा.' त्यावर जे व्हायचं ते झालं. लोक डब्यांत वाकले, काहींची गाडी येऊन गेली होती, त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून वाचले. एका घरी तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला सापडला, खऱ्या फ्लायरशेजारी, भाव पडताळायला. कवींचा फोन आला. कवितांवरची मर्यादा 2 ऐवजी 1 हवी होती, म्हणाले, म्हणजे त्यांचीच राहिली असती.

आजोबांनी त्यांची प्रत मागून घेतली. मायलारच्या पारदर्शक पाकिटात, मागे पुठ्ठा लावून, 21 व्या अंकाच्या मागे घातली. मी म्हटलं, आजोबा, हे पाकीट त्या कागदापेक्षा महाग आहे. ते म्हणाले, सगळ्यांचंच तसं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडच्या एका काकूंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, लेकीकडे राहतात, ग्रोसरीला स्वतः जातात आणि फ्लायर बरोबर नेतात, काउंटरवर भाव दाखवायला. त्या दिवशी घाईत आमचा अंक नेला. काउंटरवरच्या मुलाने सामानाबरोबर तोही घेतला, लाल दिव्यापुढून फिरवला आणि पिशवीत टाकला. काकूंनी घरी येऊन चष्मा लावून बिल बघितलं.

"अगं, मी पोहे घेतलेच नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि बिलात जाडे पोहे, दोन पाउंड. पिशवीत बघते तर तुझा अंक."